पाच पूर्णांक एकचा ड्राफ्ट

१. शेवटी कुठं लावलं होतं?

इंदापूर तालुक्यात आजवर जेवढे गुन्हे घडले, त्यांत सर्वांत लांब, सर्वांत रुंद आणि सर्वांत जड गुन्हा यंदाच्या फेब्रुवारीअखेर कळंबमध्ये उघडकीला आला. एकशे नव्वद मीटर लांबीचं, पाच खणांचं आणि चार क्रेनचं एक मालवाहू जहाज गावातून नाहीसं झालं होतं.

चौकीतल्या हवालदारांनी तक्रार शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "शेवटी कुठं लावलं होतं?"

जहाज कमरजहाँभाभींच्या मोबाईलमध्ये लावलेलं होतं. निळ्या पाण्यावर एक हिरवा बाण, बाणाखाली नाव 'मेरिडा पेशन्स'. ह्या जहाजात कोळसा, खनिज, धान्य असा सुटा माल भरतात. पोती नाहीत, खोकी नाहीत, आपल्या ट्रॉलीत ऊस टाकावा तसं. भाभींचा मोईन त्यावर खलाशी होता. आधी तो लोणी देवकरच्या एका कारखान्यात फिटर होता. वय सव्वीस. भाभी सकाळची नमाज झाली की चहाच्या आधी बाण बघायच्या. बाण हलला की पोरगं हललं. दोन फेब्रुवारीला बाण विझला आणि त्याच दिवसापासून मोईनचा फोनही.

"वाहनचोरीचा नमुना आहे आमच्याकडे," हवालदार मदत करायच्या हेतूनंच म्हणाले. "पण त्याला चेसिस नंबर लागतो. जहाजाला चेसिस असते का?"

कुणालाच ठाऊक नव्हतं. भाभी आणि त्यांचे यजमान खाजाभाई घरी परतले.

घरासमोर पांढरी गाडी उभी होती. मोईनला जहाजावर लावून देणारा बारामतीचा एजंट यशराज खुर्चीत बसून चहा पीत होता. हा माणूस कुणाच्याही घरी यजमानाच्या आधी बसतो.

"भाभी, जहाज कुठं हरवतंय? द्या इकडं," असं म्हणून त्यानं मोबाईल घेतला, दोनदा बोट लावलं, आणि बाण परत आला! थेट स्पेनच्या किनाऱ्याला.

भाभींनी बाणाकडं बघितलं. "ह्यो आमचा बाण न्हाय."

"जहाज चालतं, भाभी. तेव्हा हिंदी महासागरात होतं, आता स्पेनला आहे." मग त्यानं आवाज खाली घेतला. "वाईट बातमी आहे, काका. वीस तारखेला जहाज स्पेनच्या बंदराला लागलं. मोईन खाली उतरला, तो परत आलाच नाही. पळाला तो."

त्यानं जहाजाच्या प्रवासाची छापील प्रत आणि एक अर्ज टेबलावर ठेवला. अर्जात लिहिलं होतं : 'आमचा मुलगा स्वखुशीने जहाज सोडून गेला असून त्याबाबत आमची कोणाविरुद्धही तक्रार नाही.' खाली सहीसाठी दोन रेघा.

"शुक्रवारपर्यंत सही द्या. नाहीतर कंपनी मोईनवर गुन्हा दाखल करेल, मग माझ्या हातात काही राहणार नाही. तोवर पेशन्स ठेवा."

तो दिवस बुधवार होता.

२. दोन बोटं

तपास सर्जेराव आबांकडं आला, कारण खाजाभाई दुसऱ्या कुणाला ओळखत नव्हते. खाजाभाई वेल्डर. गावातल्या निम्म्या ट्रॉल्या त्यांनी बांधलेल्या. सर्जेरावांनी एकतीस गळीत हंगाम साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढलेले. ट्रॉली फाटकात असतानाच ते टायरचं पोट बघून टन सांगायचे आणि काटा नंतर तेच म्हणायचा. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता. त्याचं त्यांना दुःखही नव्हतं. ज्याला फाटक नाही त्यावर त्यांचा फारसा विश्वास नसे.

माझ्याकडं स्कूटर असल्यामुळं मी या तपासात होतो.

आबांनी यशराजचा कागद घेतला, उजेडाला धरला, बोटात मळला. मग अर्जाचा कागद त्याच्यावर ठेवला, दोन्हींच्या कडा जुळवल्या आणि खालून बघितलं.

"दोन बोटं," ते म्हणाले.

"काय दोन बोटं?" मी विचारलं.

"आखूड हाय." एवढं बोलून त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. ही त्यांची खोड. काट्यावर असतानाही चोरी सापडली की आधी पान खायचे. "खाजाभाई, पोराचा शेवटचा निरोप दाखवा."

निरोप दोन फेब्रुवारीचा होता. इंग्रजी अक्षरांत मराठी, तीन तुकडे : 'ठीक आहे. ड्राफ्ट ५.१. पाणी कमी.'

"मग तुमी काय केलं?"

खाजाभाई खाली बघू लागले. भाभींनीच सांगितलं, "ब्यांकेत गेले."

"ब्यांकेत?"

"ड्राफ्ट म्हटल्यावर कुठं जायचं आबा?" खाजाभाई कळवळून म्हणाले. "पोरानं ड्राफ्ट धाडला आसंल म्हणून इंदापूरला गेलो. साहेब म्हणला, पाच पूर्णांक एकचा ड्राफ्ट नसतो. मी म्हणलो, परदेशी आसंल. दोन तास बसवून घेतलं. मग म्हणला, हल्ली ड्राफ्ट कोण काढत न्हाय."

"आन पाणी कमी?"

"मला वाटलं, मे म्हैन्यात उजनी उतरती तसा तितला दर्या उतरला आसंल. गाळात रुतायला नको म्हणून जहाज दमानं चालवत आसतील."

"प्यायचं," भाभी म्हणाल्या. पहिल्या दिवसापासून त्या हेच एक म्हणत होत्या आणि पहिल्या दिवसापासून घरातले पुरुष त्यांना समुद्राची माहिती देत होते. "प्यायचं पाणी कमी हाय त्याला. दुसऱ्या पाण्याचं कोण सांगतं आईला?"

आबांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छ होता.

"ह्यातला जाणकार कोण हाय गावात?"

"परवेज. अंथुर्ण्याचा. जहाजावर हुता चार वर्सं," खाजाभाईंचा आवाज बदलला. "पण त्याचं नाव काढू नका. यशराज म्हणतो, परवेजनंच मोईनला फूस लावली. त्याची माणसं हायत म्हणं स्पेनात. आन मी दोनदा त्याच्या दुकानावर गेलो, तर मला बघून शटर वढलं त्यानं!"

३. शटर

गुरुवारी सकाळी आम्ही अंथुर्ण्याला पोचलो. परवेजचं चिकनचं दुकान रस्त्यालाच आहे. पुढं माझी स्कूटर, मागं मोटारसायकलवर खाजाभाई आणि भाभी. आम्हाला बघताच शटर खाली यायला लागलं.

भाभींनी उतरून चप्पल शटरखाली सरकवली. शटर थांबलं.

"परवेज, वर कर. माझी एकच चप्पल हाय नवी."

शटर वर गेलं. आत परवेज उभा होता, डोळे लाल. "काकी, मला मारा, पण बोलू नका कायबी. मीच मोईनला यशराजकडं न्हेलं हुतं. फोन बंद झाल्यापासून तुमास्नी तोंड कसं दावू?"

"स्पेनात तुझी माणसं हायत म्हणं," आबा म्हणाले.

"आबा, माझी अंथुर्ण्यातली माणसं माझ्याशी धड बोलत न्हाईत, स्पेनात कुठली आसतील?"

संशयिताचा एवढा पटणारा जबाब आबांनी आजवर ऐकला नसावा. ते कोंबड्यांच्या पिंजऱ्याशेजारच्या बाकड्यावर बसले. "ड्राफ्ट म्हंजी काय, त्ये सांग."

"जहाजाच्या पोटावर खालनं वर आकडं रंगवल्यालं आसत्यात, मीटरचं. पाणी ज्या आकड्याला टेकतं, त्यो ड्राफ्ट. जहाज किती बुडालंय त्ये. रोज सकाळी बघून लिवायचं काम खलाशाचंच."

आबा सावकाश म्हणाले, "म्हंजी टायरचं पोट."

"व्हय. बराबर त्येच."

"मोईनचं जहाज भरल्यावर किती दावंल?"

"बारा-तेरा. रिकामं आसंल तर पाच-सहा."

खाजाभाईंनी मोबाईल पुढं केला. परवेजनं निरोप वाचला आणि वरची तारीख बघितली. "पाच पूर्णांक एक... काका, ह्यो निरोप दोन तारखेचा? आन तुमी आज दावताय?"

"तू शटर वढत हुतास!"

"त्यानं माझ्यासाठी लिवलंय त्ये! तितं वायफाय कॅप्टनच्या हातात आसतं. जहाज अडकलंय आसं लिवलं तर निरोप जाऊ देत न्हाईत. ड्राफ्ट म्हटलं तर कामाचं वाटतं. त्याला वाटलं, अब्बा परवेजला दावतील."

अब्बांनी बँकेला दाखवला होता.

"रिकामं जहाज, पाणी कमी," परवेज म्हणाला. "काम न्हाय, डिझेल न्हाय. डिझेल न्हाय म्हंजी जनरेटर न्हाय, जनरेटर न्हाय म्हंजी बाणबी विझणार. मालकानं टाकून दिलंय त्यास्नी, आबा. आसं करत्यात. भंगाराच्या मोटारीगत दर्यात सोडून देत्यात, माणसांसकट."

एखादा माणूस फुटक्या बादलीचंसुद्धा काय करायचं ते विचारून टाकतो. मोईनसह चौदा खलाशांसकट जहाज टाकून देणारा मालक हे न विचारता करतो, आणि त्याला म्हणे जागतिक व्यापार म्हणतात.

"त्ये जहाज हुडकायचं कसं? नावावरनं?"

"नावाला काय अर्थ हाय, आबा. नाव रंगवल्यालं आसतं, उद्या दुसरं रंगवत्यात. एका नावाची दोन-दोन जहाजं आसत्यात."

"कळंबात अकरा सर्जेराव हायत," आबांनी दुजोरा दिला.

"खरा त्यो नंबर. सात आकडी. जहाज बांधल्यापासून भंगारात जाईस्तवर बदलत न्हाय. लोखंडावर वेल्डिंग करून काढल्याला आसतो."

"वेल्डिंग केल्याला," खाजाभाई पुटपुटले. एवढ्या सगळ्या प्रकरणात त्यांना समजेल असं पहिलंच काहीतरी पुढं आलं होतं. "म्हंजी चेसिस नंबर!"

"पण त्यो मला ठावं न्हाय, काका. मी दुसऱ्या जहाजावर हुतो. नंबर फक्त यशराजकडं आसंल."

आबांनी खिशातून यशराजचा कागद काढला, त्यावरचा एक आकडा वाचला, आणि त्यांच्या मानेची शीर फुगली. एकतीस वर्षांत काट्यावरच्या लोकांनी ती शीर दोनदाच पाहिली होती आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी कुणीतरी निलंबित झालं होतं.

"चला बारामतीला," ते म्हणाले.

४. कात्री

'सप्तसिंधू मरीन करिअर'चं ऑफिस ज्यूसच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. दारात प्लायवूडचं सुकाणू, भिंतीला बुडणाऱ्यासाठीचं नारिंगी कडं. कडं खिळ्यांनी भिंतीला पक्कं ठोकलेलं होतं.

"या काका! सही आणलीत?" यशराजनं तोंडभरून स्वागत केलं. पलीकडच्या टेबलावर त्याच्याकडं काम करणारी माधवी टाईप करत होती. तिची बोटं थांबली.

"सही करणार की," आबा खुर्ची ओढत म्हणाले. "आधी जरा इचारतो, म्हातारपणी ग्यान मिळंल तेवढं घ्यावं. मोईनच्या जहाजाला क्रेना किती?"

"क्रेन? असतील."

"पोरानं दिवाळीत हिडिओ धाडला हुता. चार हायत, पिवळ्या. तुमच्या कागदावर जहाजाचा फोटू हाय. एकबी न्हाय."

"मधे काढून ठेवल्या असतील."

"कुठं? खुंटीला?"

यशराज हसला. हसताना त्यानं घड्याळ पाहिलं.

"बरं, लांबी. मोईन सांगायचा एकशेनव्वद. तुमचा कागद म्हणतो दोनशे एकोणतीस. आमच्या खाजाभाईंनी इतक्या ट्रॉल्या बांधल्या, पण चालता चालता एकबी वाढली न्हाय."

"टायपिंगचं असेल हो काका. एवढ्या बारकाव्यात..."

"आन ड्राफ्ट म्हंजी काय वो?"

यशराजनं एकदा माधवीकडं, एकदा छताकडं पाहिलं. "ड्राफ्ट म्हणजे... बँकेचा. कंपनीचा असतो. ते आमचं अंतर्गत आहे."

खाजाभाईंचा चेहरा त्या महिन्यात पहिल्यांदाच सैल झाला. चुकणारे ते एकटे नव्हते. शिवाय त्यांनी दारावर सुकाणू लावलेलं नव्हतं.

आबांनी कागद टेबलावर पसरला. आता त्यांचा आवाज काट्यावरचा झाला. "ड्राफ्ट म्हंजी जहाज पाण्यात किती बुडालंय त्ये. तुला ठावं नव्हतं म्हणून तू हितला आकडा ठिवलास. तुझा कागद काय म्हणतो? धा जानेवारीला कोळसा भरला, वीस फेब्रुवारीला स्पेनात उतरवला, मधी कुठं थांबा न्हाय. ड्राफ्ट तेरा पूर्णांक नऊ. म्हंजी दोन फेब्रुवारीला तुझं जहाज काठोकाठ भरल्यालं हुतं. आन त्याच दोन फेब्रुवारीला मोईन सांगतो, पाच पूर्णांक एक. रिकामं. यशराज, एकच गाडी एकाच दिवशी भरल्याली आन रिकामी कशी?"

आबांनी कागदावर बोट ठेवलं.

"कारण गाड्या दोन हायत. नाव एक. भरल्याली स्पेनला गेली. मोईन तिच्यावर नव्हताच, त्यो तिच्यावरनं पळंल कसा?"

यशराजनं अशा माणसांचं शेवटचं हत्यार बाहेर काढलं. "अरेरे! म्हणजे क्लार्कनं चुकीचं जहाज काढलं. माधवी, काय हे? केवढा मनस्ताप झाला या लोकांना! माफी माग त्यांची."

माधवी उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"बस, पोरी," आबा म्हणाले. त्यांनी प्रवासाच्या कागदावर सहीचा अर्ज ठेवला, कडा जुळवल्या. खालून अर्ज दोन बोटं बाहेर आला. "दोन्ही कागद ह्याच ऑफिसातलं, एकाच मापाचं. ह्याची वरची दोन बोटं कापल्याली हायत. सरळ, पट्टी लावून. वरच्या बाजूला काय आसतं? नाव आन नंबर. नाव खाली परत हाय, नंबर न्हाय. यशराज, चुकल्याला माणूस कात्री घेत न्हाय."

"सरांनीच कापलं," माधवी एकदम म्हणाली. "मी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, ह्या नावाची दोन जहाजं आहेत आणि आपलं बंद पडलंय. सर म्हणाले, घरच्यांनी तक्रार केली तर परवाना जाईल. सही घे आणि फाईल बंद कर."

"माधवी, तुझा पगार..."

"राहू दे तुमच्याकडंच." तिनं कपाट उघडलं, मोईनचं जहाजावर रुजू व्हायचं पत्र काढलं आणि त्यातला सात आकडी नंबर सहीच्या अर्जाच्या पाठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिला.

यशराज हात पुढं करून म्हणाला, "भाभी, जरा पेशन्स..."

कमरजहाँभाभी इतका वेळ एक शब्दही बोलल्या नव्हत्या. "माझं पोर तान्हेलं हाय," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, त्यामुळं खालच्या ज्यूसच्या मशीनचा आवाजसुद्धा मोठा वाटला. "माझं पोर म्हैनाभर तान्हेलं हाय, आन तू माझ्या घरात बसून चहा पिलास. चहा पिऊन मला दुसऱ्याचा बाण दावलास. त्याला पळपुटा म्हणालास, आन त्याच्या बापाकडनं लिवून घ्याया आलास."

यशराजनं हात मागं घेतला.

माधवीनं नंबर मोबाईलमध्ये टाकला. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून नऊ मैलांवर एक बाण उमटला. हिरवा नाही, राखाडी. अठ्ठावीस जानेवारीपासून नांगरावर. ड्राफ्ट पाच पूर्णांक एक.

"ह्यो आमचा," भाभी म्हणाल्या.

पण बाणाखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : शेवटचा संकेत, दोन फेब्रुवारी. त्यानंतर तिथं कोण जिवंत होतं, हे बाण सांगत नव्हता.

५. नंबर

पुढचं फार नाट्यमय नाही, संतापजनक मात्र आहे. मुंबईच्या जहाज खात्याला खाजाभाईंनी महिन्याभरात अकरा फोन केले होते. दर वेळी 'नावावरून सांगता येणार नाही' असं उत्तर मिळालं होतं. नावावरून सांगता येत नाही तर कशावरून येतं, हे त्या अकरा वेळांत सांगावं असं एकालाही वाटलं नव्हतं. आता परवेजनं नंबर सांगितला, आणि चार मिनिटांत तक्रार नोंदली गेली. खलाशांच्या संघटनेलाही तोच नंबर गेला.

सहाव्या दिवशी दुपारी भाभींचा फोन वाजला. अनोळखी, लांबलचक नंबर. किनाऱ्यावरून पाण्याची पिंपं घेऊन एक बोट जहाजाला लागली होती आणि बोटीवरच्या माणसानं आपला फोन मोईनच्या हातात दिला होता.

"अम्मी."

भाभींनी विचारलं, "पिलास का?"

"पितोय," मोईन म्हणाला, आणि खरोखरच बराच वेळ फोनवर फक्त घोट ऐकू येत राहिले. भाभी ते ऐकत उभ्या होत्या. खाजाभाई हात पुढं करत होते, पण त्यांनी फोन दिला नाही.

चौदाच्या चौदा जिवंत होते. ताडपत्रीवर पावसाचं पाणी धरून, कोरडा भात वाटून त्यांनी पाच आठवडे काढले होते. मालकाचा पत्ता अजून लागलेला नाही. त्याला सात आकडी नंबर नाही, आणि वेल्डिंग करून काढलेला तर नाहीच.

यशराजवर गुन्हा दाखल झाला, परवाना गेला. तो जामिनावर सुटला त्या आठवड्यात ऑफिसवर नवी पाटी लागली : 'सप्तसिंधू एव्हिएशन करिअर'. सुकाणू काढलं, पंखे लावले. बारामतीतल्या सुजाण पालकांनी तिथं चौकशी सुरू केली आहे. माधवी आता तिथं नाही. ती परवेजच्या दुकानाशेजारी एका खोलीत बसते आणि जहाजावर गेलेल्या पोरांच्या आयांना त्यांचे नंबर शोधून देते. कात्री ती वापरत नाही.

मोईन मे महिन्यात घरी आला. अकरा किलो कमी, दाढी छातीपर्यंत. घरासमोर मंडप घालावा इतकी माणसं जमली. सरपंच आले, हवालदारही आले. सर्जेराव आबांना हार घालायचं ठरलं. आबांनी नवा सदरा घातला होता आणि चार शब्द बोलायचे म्हणून घसाही साफ केला होता. मोईन आत झोपला होता. तो आल्यापासून झोपतच होता.

तेवढ्यात भाभी गर्दीतून वाट काढत आबांपाशी आल्या. आबांनी मान जराशी खाली केली, हाराच्या हिशेबानं.

भाभींनी मोबाईल त्यांच्या हातात ठेवला.

"आबा, पोरगं घरात हाय आता. तेवढं जहाज ह्यातनं काढून द्या. लय ब्याटरी खातंय."